मापाच्या वहीतलं दुखणं

माझी मापाची वही दोन्ही बाजूंनी भरत जाते. पुढून लोकांची मापं: उंची, छाती, कंबर, मुंढा, बाही. मागून, गेल्या वर्षापासून, माझ्या दुखण्याचं माप. तारीख, दहापैकी किती दुखलं, सलग किती मिनिटं मशीनवर बसता आलं, रात्री किती वेळा जाग आली. आज जे लिहितेय ते त्या मागच्या पानांवरूनच, कारण दुखणं ओसरलं की ते किती होतं हे आपण पार विसरतो आणि मग कशानं बरं वाटलं याबद्दल काहीही बोलत सुटतो.

पंचवीस वर्षं मी शिवणकाम करते. बेतायला टेबलावर ओणवं व्हायचं, शिवायला मशीनवर वाकायचं. कंबरेला कुठेच सुटका नाही. एका सकाळी गडगडत गेलेली बॉबिन उचलायला वाकले आणि उसण भरली. तशी ती पूर्वीही भरायची आणि दोन दिवसांत उतरायची. ही उतरली नाही. चौथ्या दिवशी ती कंबरेतून निघाली आणि उजवा कुल्ला, मांडीची मागची बाजू, पोटरीची बाहेरची कड असं करत थेट पायाच्या अंगठ्यापर्यंत पोचली. पायात कोणी तापलेली तार ओवावी तशी कळ. शिंक येणार असं वाटलं की आधी भिंत धरायची, मग शिंकायचं.

हाडांच्या डॉक्टरांनी पाठीवर झोपवून पाय सरळ वर उचलला, तर अर्ध्यावरही जायच्या आत कळ आली. एमआरआयमध्ये दिसलं की कंबरेच्या चौथ्या आणि पाचव्या मणक्यांमधली चकती मागे सरकून उजव्या नसेवर दाबतेय. त्यांनी मला काही प्रश्न विचारले होते, तेव्हा ते विचित्र वाटले. लघवी-संडासवर ताबा आहे ना? बसायच्या जागी, जांघेत बधिरपणा नाही ना? चालताना पाऊल लोंबतं का? ताप येतो का, वजन उतरलंय का? यातल्या कशालाही मी ‘हो’ म्हटलं असतं, तर पुढची सगळी गोष्ट वेगळी झाली असती. माझ्याकडे कोणी कंबरदुखी घेऊन आलं आणि ‘ते सुयांचं, ॲक्युपंक्चरचं काय केलंत हो तुम्ही’ असं विचारलं, की मी आधी हेच प्रश्न विचारते. तपासणी झाल्याशिवाय सुयांकडे जाऊ नका, हे मी अगदी हात धरून सांगते.

गोळ्या झाल्या, गरम शेक झाला. फिजिओथेरपीच्या ताईंनी व्यायाम दिले: पोटावर झोपून कोपरांवर छाती उचलायची, मग हळूहळू हात सरळ करायचे. मला कोपरांपर्यंतही जाता येईना. व्यायाम केला की बरं वाटेल, पण व्यायाम करता येण्याइतकं बरं वाटायला हवं ना! दहा आठवडे मी याच गाठीत अडकून होते. वहीत तेव्हाचं एक पान आहे: ‘दुखणं 7. मशीनवर 15 मिनिटं. रात्री चार वेळा जाग.’ असे सलग एकोणीस दिवस, आकडे जवळपास तेच.

ॲक्युपंक्चरचं, म्हणजे अंगावर ठरलेल्या जागी बारीक सुया टोचायच्या चिनी उपचाराचं, नाव लेकीनं काढलं. हाडांच्या डॉक्टरांना विचारलं तर म्हणाले, “करून बघायला हरकत नाही. व्यायाम मात्र सोडू नका. आणि पायातली ताकद कमी झाली असं वाटलं तर वाट बघत बसू नका, त्याच दिवशी या.”

पहिल्या ठिकाणी गेले तिथून मी सुया न टोचून घेताच परत आले. टेबलावर एका उघड्या वाटीत सुया होत्या. बंद पाकीट नाही, काही नाही. सुया नव्या आहेत का म्हणून विचारलं, तर ‘स्वच्छ केलेल्या आहेत’ असं उत्तर आलं. कोणती औषधं चालू आहेत, रक्त पातळ करायची गोळी आहे का, हेही कोणी विचारलं नाही. सुईशी माझं रोजचं नातं आहे. बोटात घुसलेली सुई काय करते ते मला ठाऊक आहे, आणि एकाच्या रक्ताला लागलेली सुई दुसऱ्याला का चालत नाही हे कळायला डॉक्टर असावं लागत नाही. तिथून उठताना मला संकोच वाटला होता, तो वाटायला नको होता.

दुसऱ्या ठिकाणच्या डॉक्टर बाई वैद्यकशास्त्र शिकून नंतर ॲक्युपंक्चरकडे वळलेल्या. पहिल्या दिवशी तासभर नुसतं बोलणं झालं. त्यांनी एमआरआय पाहिला, गोळ्यांची यादी लिहून घेतली, छातीत पेसमेकर आहे का ते विचारलं (असला तर सुयांना वीज जोडत नाहीत). बाई तरुण असेल तर दिवस गेलेत का हेही विचारतात, कारण काही बिंदू गर्भारपणात टाळायचे असतात. मग जीभ बघितली. नाडी बघितली, दोन्ही मनगटांवर तीन-तीन बोटं ठेवून, आधी हलकं आणि मग दाबून. झोप, थंडी सोसते की उष्णता, दुखणं हललं की वाढतं की पडून राहिलं की वाढतं. जिभेवरून आणि नाडीवरून त्यांना काय कळलं ते मला सांगता येणार नाही. पण त्यानंतर त्यांनी जे केलं ते दहा आठवड्यांत कोणी केलं नव्हतं. अंगठ्यानं कंबरेपासून घोट्यापर्यंत बोटाबोटाच्या अंतरावर दाबत गेल्या. कुल्ल्याच्या मधोमध एका जागी मी ओरडलेच, “हीच, हीच ती जागा!”

“या जागेला चिनीत आ-शी म्हणतात,” त्या म्हणाल्या. “म्हणजे ‘हं, हीच!’ पेशंटच्या तोंडून निघतं तेच नाव.” सातव्या शतकातल्या सुन सिमियाव या नामांकित चिनी वैद्यानं या बिंदूंबद्दल लिहून ठेवलंय. नकाशावर 361 ठरलेले बिंदू आहेत, त्यांना जोडणाऱ्या वाहिन्या आहेत, आणि तरीही हा एक बिंदू असा की तो पेशंटनं दाखवायचा. चौदाशे वर्षांपूर्वीच्या कोणा बाईनंही तिच्या वैद्याला असंच ओरडून सांगितलं असेल.

सुई पाकिटातून निघाली तेव्हा माझी नजर आधी तिच्या दुसऱ्या टोकाकडे गेली. नेढं नाही. असणार कसं, ओवायचं काहीच नाही. पण पंचवीस वर्षांची सवय. मग जाडी विचारली. पाव मिलिमीटर. माझ्या मशीनची 14 नंबरची सुई 0.9 मिलिमीटर असते, म्हणजे तिच्या जाडीत या तीन सुया शेजारीशेजारी मावून जागा उरेल. इंजेक्शनची सुई पोकळ आणि तिरकी छाटलेली असते, ती कापत आत जाते. ही भरीव, आणि टोक अगदी किंचित गोलसर. शिवणाऱ्यांना सांगायचं तर होजिअरीच्या कापडाला आपण बॉलपॉइंट सुई लावतो ना, जी धागा न तोडता बाजूला सारून जाते, तसंच. हे कळल्यावर माझी निम्मी भीती गेली.

सुई थेट टोचत नाहीत. प्लॅस्टिकची बारीक नळी कातडीवर टेकवतात, सुईचा माथा नळीच्या वर किंचित उरतो, त्यावर बोटानं एक टिचकी. सुई कातडीच्या आत गेलेली असते आणि आपल्याला फक्त नळीचा दाब कळलेला असतो. ही नळी सतराव्या शतकातल्या जपानमधल्या सुगियामा वाइची यांची. ते लहानपणी आंधळे झाले होते. डोळ्यांवाचून, नुसत्या स्पर्शावर सुई बिनचूक लावायची तर आधार हवा, म्हणून ही नळी. पुढे त्यांनी अंध लोकांना ही विद्या शिकवायच्या शाळा उभारल्या. जगभर कित्येक दवाखान्यांत रोज वापरली जाणारी ही वस्तू अशी एका अंध माणसाच्या बोटांतून आली, हे ऐकल्यापासून टिचकीचा आवाज आला की मला त्यांची आठवण येते.

डाव्या कुशीवर, दोन गुडघ्यांमध्ये उशी. पहिल्या चार सुया कण्याच्या लगत, अर्ध्या अंगठ्याच्या अंतरावर. तिथल्या बिंदूंना ह्वा तुव या प्राचीन वैद्याचं नाव आहे. अंगठ्याचं अंतर म्हणजे माझ्याच अंगठ्याचं, डॉक्टरांच्या नव्हे. प्रत्येकाचं माप त्याच्या त्याच्या अंगावरून काढायचं. हे मला फार पटलं. ठरावीक नंबरचे कपडे कोणालाच धड का बसत नाहीत ते शिवणारीला सांगायला नको.

मग गुडघ्याच्या मागच्या घडीत मधोमध वेइझोंग. कंबर दुखली की वेइझोंग धरा, असं चिनी वैद्यांचं जुनं वचन आहे. गुडघ्याखाली बाहेरच्या बाजूला यांगलिंगच्वान. घोट्यामागे कुनलून, एका पर्वतरांगेचं नाव. आणि कुल्ल्यात ती आ-शीच्या शेजारची लांब सुई, साडेसात सेंटिमीटरची. ती पाहून माझ्या तळहाताला घाम आला.

सुई नुसती आत जाऊन भागत नाही. डॉक्टर ती बोटांत फिरवतात, जरा वरखाली करतात आणि विचारतात, “आलं का?” काय यायचं असतं ते शब्दांत सांगणं अवघड आहे. टोचल्याचं दुखणं नव्हे. खोल कुठेतरी जडपणा भरतो, थोडा ठणका, थोड्या मुंग्या, जागा आतून फुगल्यासारखी. चिनी लोक याला ‘ची’ (म्हणजे शरीरात वाहणारी प्राणशक्ती) आली असं म्हणतात आणि त्या जाणिवेचे प्रकार सांगतात: जड, बधिर, ताणलेलं आणि आंबट. आंबट ऐकून मी उशीवरून मान वर केली. कारण आपणही दिवसभर राबल्यावर ‘अंग आंबून गेलं’ असंच म्हणतो. त्यांच्या भाषेत स्नायू दुखण्याचा शब्द आणि आंबट चवीचा शब्द एकच आहे. कुठली भाषा आणि कुठली, पण दुखणाऱ्या पोटरीला दोघींनी एकच शब्द दिला.

कुल्ल्यातली सुई जात असताना एकदम विजेसारखी चमक अंगठ्यापर्यंत गेली. मी किंचाळले. त्यांनी लगेच सुई मागे घेतली. “चमक आली की लगेच सांगायचं, दात आवळून सोसायचं नाही. मला जडपणा हवाय, चमक नको.” आत येतानाच त्यांनी विचारलं होतं, काही खाऊन आलात ना? उपाशीपोटी काहींना घेरी येते. मला आली नाही, पण त्या अर्ध्या तासात त्या दोनदा येऊन माझा चेहरा बघून गेल्या.

तिसऱ्या सिटिंगला चार सुयांना वीज जोडली. छोटी पेटी, त्यातून चिमट्यांच्या तारा. सेकंदाला दोन ठोके. स्नायू आपोआप उडू लागतात, पायमशीन संथ चालवल्यावर दाबपट्टीखाली कापड हलावं तसे. सेकंदाला दोन आणि सेकंदाला शंभर, या दोन वेगांनी शरीरात वेगवेगळी वेदनाशामक रसायनं सुटतात, हे बीजिंगच्या हान जिशेंग या संशोधकानं वर्षानुवर्षांच्या प्रयोगांतून दाखवलं. शरीर स्वतः अफूसारखी द्रव्यं बनवतं हा शोधच मुळी 1970 च्या दशकातला. सुईनं दुखणं कमी होत असेल तर ते ‘ची’मुळे की या रसायनांमुळे, असं मी विचारलं. डॉक्टर म्हणाल्या, “मी दोन्ही भाषा शिकलेय ताई. तुमच्या कंबरेला त्यांतली कुठलीच येत नाही.”

त्या रात्री दुखणं वाढलं. वहीत 8 लिहिलंय, आणि बाजूला ‘चूक केली का?’ असं. सकाळी फोन केला. त्यांनी पायातली ताकद तपासून बघायला सांगितली, टाचांवर चालून, अंगठा वर उचलून. ती ठीक होती. “एक-दोन दिवस असं होतं कोणाकोणाला. पुढच्या वेळी सुया कमी करू, वीज नको.” आणि तसंच केलं. अकराच्या सात झाल्या.

चौथ्या सिटिंगनंतर घरी आले, हातपाय धुतले आणि जमिनीवर सतरंजी घातली. फिजिओच्या ताईंनी दिलेला पहिला व्यायाम करून बघावासा वाटला. पोटावर झोपले. कोपरं टेकवली. छाती उचलली. कळ आली, पण ती कंबरेत आली, पायात उतरली नाही. मी तशीच थांबले, दहा आकडे मोजले, खाली आले, पुन्हा उचलली. सहा वेळा केलं. त्या रात्री एकदाच जाग आली. वहीत लिहिलंय: ‘दुखणं 4. व्यायाम 6 वेळा.’ आणि सहाखाली दोन रेघा.

मला जे सांगायचंय ते इथेच आहे. सुयांचा गुण माझ्या बाबतीत दोन दिवस टिकायचा, फार तर अडीच. तिसऱ्या दिवशी आकडा पुन्हा चढायचा. पण ते दोन दिवस म्हणजे दहा आठवड्यांत न मिळालेली उसंत होती, आणि त्या उसंतीत व्यायाम बसत होता. माझ्याबरोबर येणारे एक काका दोन दिवस बरं वाटलं की बागेतली सगळी कुंडीउचल उरकून घ्यायचे आणि तिसऱ्या दिवशी वाकून परत यायचे. त्यांना कसं सांगावं कळायचं नाही. उसंत खर्च कशावर करायची हाच सगळा प्रश्न आहे, आणि तो सुई सोडवत नाही.

पाचव्या वेळी मोक्सा केली. दवण्याच्या कुळातली एक वनस्पती वाळवून, कुटून, तिच्या कापसासारख्या लोकरीची विडी वळतात आणि पेटवून कातडीपासून दोन-तीन बोटांवर धरतात. ऊब खोल जाते. वास केसांत संध्याकाळपर्यंत राहिला, मला तो आवडला. चीनमधल्या मावांगदुईच्या थडग्यात 1973 मध्ये रेशमावर लिहिलेले वैद्यकाचे मजकूर सापडले. थडगं इसवीसनपूर्व 168 मधलं. त्या मजकुरांत वाहिन्या आहेत, मोक्साचा शेक आहे, पण सुया नाहीत. म्हणजे बहुधा आधी ऊब आली आणि मग सुई. मला ते साहजिक वाटतं. दुखऱ्या जागेला शेक द्यावा हे कोणालाही सुचेल, सुई टोचावी हे सुचायला वेळ लागला असणार.

सहाव्या वेळी कपिंगही झालं. काचेचे पेले, आतली हवा ओढून पाठीला चिकटवलेले. कातडी ओढली गेल्याचा ताण सुखद होता, नंतर पाठीवर जांभळे गोल उठले. 2016 च्या रिओ ऑलिंपिकमध्ये जलतरणपटू मायकेल फेल्प्सच्या खांद्यावर जगानं पाहिले तेच. माझे आठवडाभर राहिले. त्यानं फरक पडल्याचं वहीत दिसत नाही, म्हणून पुन्हा केलं नाही.

दरम्यान घरी येणारेजाणारे ऐकीव गोष्टी सांगत होते. चीनमध्ये म्हणे नुसत्या सुया टोचून ऑपरेशन करतात, एका अमेरिकन पत्रकाराचं अपेंडिक्स तसंच काढलं. ती गोष्ट जेम्स रेस्टन यांची. 1971 च्या जुलैमध्ये बीजिंगमध्ये त्यांचं अपेंडिक्स काढलं ते नेहमीच्या भुलीच्या इंजेक्शनाखाली. सुया लावल्या त्या नंतर, पोट फुगून त्रास होऊ लागला तेव्हा, कोपराला आणि गुडघ्यांखाली. त्यांनी स्वतः तसंच लिहिलं होतं. पश्चिमेकडे ॲक्युपंक्चरची लाट आली ती त्या लेखापासून, आणि लोकांनी मात्र गोष्ट फुगवून घेतली. आपल्याकडची वाट वेगळी आहे. 1938 मध्ये चीनला गेलेल्या पाच भारतीय डॉक्टरांत द्वारकानाथ कोटणीस होते, त्यांची कहाणी आपल्याला ठाऊक आहे. त्याच पथकातले बिजयकुमार बसू पुढे पुन्हा चीनला गेले, ही विद्या शिकले आणि इकडे घेऊन आले.

आठव्या सिटिंगच्या आदल्या रात्री लेकीनं मला एक अभ्यास वाचून दाखवला. जर्मनीतला, 2007 मध्ये प्रसिद्ध झालेला. जुनाट कंबरदुखीचे 1,162 रुग्ण. एका गटाला खरं ॲक्युपंक्चर, दुसऱ्याला खोटं, म्हणजे बिंदू सोडून भलतीकडे आणि वरवर टोचलेल्या सुया, तिसऱ्याला नेहमीचे उपचार, गोळ्या आणि व्यायाम. सहा महिन्यांनी खऱ्या सुयांच्या गटातल्या 47.6 टक्के लोकांना फरक पडला होता. खोट्या सुयांच्या 44.2 टक्के. नेहमीच्या उपचारांच्या 27.4 टक्के.

मला झोप लागली नाही. वेइझोंग, कुनलून, ह्वा तुवचे बिंदू, अंगठ्याची मापं, हे सगळं मी किती मनावर घेतलं होतं. आणि भलतीकडे टोचलं तरी जवळपास तेवढंच? सकाळी जाऊन मी तो कागद डॉक्टरांपुढे ठेवला. मला वाटलं त्या चिडतील.

“हा आकडा मला माहीत आहे,” त्या म्हणाल्या. खुर्ची ओढून बसल्या. “म्हणूनच सुईनं चकती आत जाते असं मी कोणाला सांगत नाही. बिंदू नेमका किती महत्त्वाचा यावर अजून भांडण आहे. दुसरे मोठे अभ्यास आहेत, त्यांत खऱ्या आणि खोट्या सुयांत फरक दिसतो, पण लहान. सुई न लावण्याशी तुलना केली की मोठा दिसतो.” मग ब्रिटनमधल्या नाइस या संस्थेचं सांगितलं: 2009 मध्ये त्यांनी कंबरदुखीला ॲक्युपंक्चर सुचवलं, 2016 मध्ये कंबरदुखी आणि सायटिकाच्या (कंबरेतून पायात उतरणाऱ्या कळेच्या) यादीतून काढलं, 2021 मध्ये कारण न सापडणाऱ्या जुनाट वेदनेसाठी पुन्हा विचारात घ्यायला सांगितलं. जागतिक आरोग्य संघटनेनं 2023 मध्ये जुनाट कंबरदुखीच्या मार्गदर्शनात सुयांना जागा दिली.

“मग मी येऊ की नको?”

“तुमची वही काय म्हणते?”

वही म्हणत होती, दुखणं 3, मशीनवर 40 मिनिटं. मी गेले आणि झोपले टेबलावर.

त्या आकड्यांवर मी नंतरही पुष्कळ विचार केला. खोट्या सुयांच्या गटातल्या माणसांनाही कोणीतरी अर्धा तास शांत झोपवलं होतं, त्यांच्या दुखऱ्या पाठीला हात लावला होता, आठवड्यातून दोनदा ‘आज कसं आहे’ विचारलं होतं. शिवाय टोचलं ते खरंच होतं, कातडीला सुई खोटी लागत नाही. त्यांना मिळालेला आराम मी खोटा म्हणणार नाही. पण ‘अमुक बिंदू दाबा आणि अमुक आजार घालवा’ असं छातीठोक सांगणाऱ्यांवर माझा आता विश्वास नाही. आणि सरकलेली चकती पुष्कळांची काही महिन्यांत आपली आपण आक्रसते, हेही मला हाडांच्या डॉक्टरांनी सांगितलंय. माझ्या बरं होण्यात सुयांचा वाटा किती, व्यायामाचा किती, आणि नुसत्या दिवस जाण्याचा किती, हे माझ्या वहीतून निघत नाही.

एकदा पोटरीवर काळानिळा डाग पडला, चार दिवसांत गेला. यापेक्षा वाईट माझ्या वाट्याला आलं नाही. पण छातीवर, खांद्याजवळ, पाठीच्या वरच्या भागात सुई नको इतकी खोल गेली तर फुप्फुसाला भोक पडू शकतं. क्वचित होतं, पण झालेलं आहे. म्हणून टोचणारा शरीररचना शिकलेला हवा आणि सुई आपल्यासमोर बंद पाकिटातून निघायला हवी. सुया काढताना आमच्या डॉक्टर मोठ्यानं मोजायच्या. मीही कपडा शिवून झाला की टाचण्या मोजते. एक जरी राहिली तरी कोणाला तरी टोचणार. सात लावल्या, सात निघाल्या, जाड प्लॅस्टिकच्या डब्यात पडल्या, मग मी उठायची.

दहा सिटिंग पाच आठवड्यांत झाल्या. नंतर दोन महिने पंधरवड्यातून एकदा, मग बंद. व्यायाम रोज चालू आहेत, आता हात सरळ होतात. मशीनची खुर्ची दोन इंच उंच करून घेतली, बेतायचं टेबल चार इंच. दर अर्ध्या तासानं उठायला गजर लावलाय, शिवण मधेच सोडून उठते.

वहीतली परवाची नोंद: दुखणं 1. मशीनवर 50 मिनिटं, मधे एकदा उठून. जाग नाही. पोटरीच्या बाहेरच्या बाजूला कोटाच्या बटणाएवढी जागा अजून बधिर आहे. आंघोळीच्या वेळी गरम पाणी तिथे गरम लागत नाही. मी टेलरचा खडू घेऊन तिच्याभोवती गोल काढते आणि महिन्याच्या महिन्याला टेपनं मोजते. आधी पोस्टकार्डाएवढी होती.